सीसीएनए बूटकॅम्प: कॅम्पच्या आधी, कॅम्पमध्ये आणि परीक्षेपर्यंत काय आणि कुठल्या क्रमाने करायचं

सीसीएनएचा (सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या सर्टिफिकेटचा) बूटकॅम्प केला, पाच-सहा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो, सगळं समजल्यासारखं वाटलं, आणि परीक्षेत मात्र सबनेटिंगला (नेटवर्कचे लहान भाग पाडायच्या गणिताला) वेळ पुरला नाही आणि लॅबच्या, म्हणजे प्रत्यक्ष कमांड टाकून सोडवायच्या, प्रश्नात हातच चालेना. असं सांगणारे लोक सारखे भेटतात. त्यांच्याशी बोललं की बहुतेक वेळा कळतं की अभ्यासाची सुरुवातच त्यांनी कॅम्पच्या पहिल्या दिवशी केली होती. कॅम्पमध्ये विषय इतक्या वेगाने पुढे जातात की पाया तिथे घालायला वेळच नसतो. पाया आधी घालून जायचं, कॅम्पमध्ये त्यावर काम करायचं आणि नंतरचे दोन-तीन आठवडे हात बसवायचा. हा क्रम उलटसुलट झाला की पैसे आणि सुट्ट्या दोन्ही गेल्याच समजा.

## टप्पा १: सिलॅबस आणि व्हर्जन आधी बघा

सिस्कोची सीसीएनए म्हणजे एकच पेपर, कोड २००-३०१, वेळ १२० मिनिटं. आधी दुसरं कुठलं सर्टिफिकेट लागत नाही. हा कोड फेब्रुवारी २०२० मध्ये आला आणि त्याचाच सुधारित १.१ सिलॅबस २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. सिस्कोच्या साइटवर परीक्षेच्या विषयांची यादी फुकट मिळते, ती उतरवून घ्या, प्रिंट काढा आणि कॅम्पवाल्यांचं वेळापत्रक तिच्या शेजारी ठेवून एकेक ओळ टिक करत जा.

वजन असं आहे: नेटवर्क फंडामेंटल्स २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५, ऑटोमेशन १०.

म्हणजे पहिल्या तीन भागांतच ६५ टक्के आले. पण उरलेले ३५ सोडून पास व्हायचं म्हणणं फार धोक्याचं आहे, आणि कॅम्पमध्ये वेळ कमी पडला की नेमकं हेच शेवटचे विषय एका दुपारी उरकले जातात, म्हणून वेळापत्रकात वायरलेस आणि ऑटोमेशनला किती तास दिलेत ते भरती व्हायच्या आधी विचारा.

सावधान: मित्राकडून मिळालेल्या जुन्या नोट्समध्ये फ्रेम रिले, आरआयपी, ईआयजीआरपीचं कॉन्फिगरेशन असं बरंच काही असतं. २००-३०१ ला रूटिंग प्रोटोकॉल (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) म्हणून कॉन्फिगर करायला येतो तो ओएसपीएफ, तोही व्हर्जन २ आणि एकाच एरियाचा. उलट १.१ मध्ये आलेले टेराफॉर्म, रूट गार्ड, लूप गार्ड, नेटवर्कच्या कामातला एआय आणि मशीन लर्निंग हे जुन्या नोट्समध्ये सापडणारच नाही.

## टप्पा २: कॅम्पच्या आधीचे तीन-चार आठवडे

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात. या काळात पूर्ण सिलॅबस वाचायला जाऊ नका, त्याने नुसता गोंधळ होतो. चारच गोष्टी पक्क्या करा.

पहिली गोष्ट सबनेटिंग. रोज अर्धा तास, न चुकता. पद्धत एकच ठेवा, तीन व्हिडिओ बघून तीन पद्धती डोक्यात घेतल्या की परीक्षेत ऐन वेळी त्या एकमेकींत मिसळतात. मी ब्लॉक साइझची पद्धत सांगतो. समजा पत्ता आहे १९२.१६८.१०.७७/२७. /२७ (पहिले २७ बिट नेटवर्कचे) म्हणजे शेवटच्या ऑक्टेटमध्ये (ठिपक्यांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी शेवटच्यात) मास्क २२४. २५६ मधून २२४ वजा केले की ३२, हा झाला ब्लॉक. आता ३२ च्या उड्या मारा: ०, ३२, ६४, ९६. ७७ येतो ६४ आणि ९६ च्या मध्ये. म्हणून नेटवर्क .६४, पुढचं नेटवर्क .९६ म्हणजे ब्रॉडकास्ट (सबनेटमधल्या सगळ्यांसाठीचा पत्ता) त्याच्या एक अलीकडे .९५, आणि वापरता येणारे पत्ते .६५ ते .९४. संपलं.

हे सगळ्यांना जमतं. घोळ होतो तो तिसऱ्या ऑक्टेटमध्ये. १७२.१६.३७.२००/२० घ्या. इथे मास्कचा तिसरा ऑक्टेट २४०, ब्लॉक १६, उड्या ०, १६, ३२, ४८. ३७ आहे ३२ आणि ४८ मध्ये, तर नेटवर्क १७२.१६.३२.० आणि ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. इथे बरेच जण १७२.१६.३७.२५५ ला ब्रॉडकास्ट म्हणून मोकळे होतात, कारण शेवटी २५५ दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. खरं तर या नेटवर्कमध्ये तो एक साधा होस्ट पत्ता आहे, कुठल्याही मशीनला देता येतो. असल्या पत्त्यांची मुद्दाम प्रॅक्टिस करा.

दुसरी गोष्ट पॅकेटचा प्रवास. एका मशीनवरून दुसऱ्या नेटवर्कमधल्या मशीनला पिंग केलं (पोचतंय का ते तपासलं) तर काय काय घडतं ते शब्दात सांगता आलं पाहिजे. मशीन आधी बघतं की समोरचा माझ्याच सबनेटमध्ये आहे का. नसेल तर एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक म्हणजे हार्डवेअरचा पत्ता विचारणारा संदेश) समोरच्या मशीनसाठी जात नाही, डिफॉल्ट गेटवेच्या, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरच्या, मॅक पत्त्यासाठी जातो. पुढे प्रत्येक राउटरवर मॅक पत्ते बदलतात, पण मध्ये नॅट (आयपी पत्ते बदलणारी सोय) नसेल तर आयपी पत्ते तेच राहतात. हे एकदा डोक्यात बसलं की ट्रबलशूटिंगचे निम्मे प्रश्न सोपे होतात.

तिसरी गोष्ट कमांड लाइनचे मोड. युजर मोड, प्रिव्हिलेज मोड, ग्लोबल कॉन्फिग, इंटरफेस कॉन्फिग. कुठून कुठे जायचं, परत कसं यायचं, प्रश्नचिन्ह दाबून मदत कशी घ्यायची. कॅम्पमध्ये अर्धा वर्ग पहिल्या दिवशी यातच अडकलेला असतो आणि शिकवणारा पुढे गेलेला असतो.

चौथी गोष्ट पोर्ट नंबर आणि टीसीपी-यूडीपीतला फरक. एसएसएच २२, टेलनेट २३, डीएनएस ५३, डीएचसीपी ६७ आणि ६८, एचटीटीपी ८०, एसएनएमपी १६१, एचटीटीपीएस ४४३, सिसलॉग ५१४. हे पाठच करायचं, दुसरा मार्ग नाही.

तपासणी: कॅल्क्युलेटर न वापरता शेवटच्या ऑक्टेटचं गणित अर्ध्या मिनिटात आणि तिसऱ्या ऑक्टेटचं एका मिनिटात येतं का? येत नसेल आणि कॅम्पची तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकला. मनापासून सांगतो, कच्च्या सबनेटिंगवर कॅम्पला बसणं म्हणजे रोज थोडं थोडं मागे पडत जाणं.

## टप्पा ३: लॅब आधीच तयार ठेवा

पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर खातं काढलं की डाउनलोड करता येतं. सीसीएनएसाठी तेवढं बहुतेक पुरतं, महागडी खरी उपकरणं विकत घ्यायची गरज नाही.

कॅम्पच्या आधी एक मोकळी टोपोलॉजी (उपकरणांच्या जोडणीचं चित्र) बनवून सेव्ह करून ठेवा: दोन राउटर, दोन स्विच, चार पीसी, केबल जोडलेल्या, नावं दिलेली, आणि बाजूला आयपी प्लॅन लिहिलेला. कॉन्फिगरेशन काही नाही. रोज हीच फाइल कॉपी करून वापरायची. दरवेळी नव्याने चित्र काढत बसलं की तासातली वीस मिनिटं केबल ओढण्यातच जातात आणि जे शिकायचं ते राहून जातं.

परीक्षेची तारीखही याच वेळी ठरवा, कॅम्प संपल्यापासून साधारण दोन ते तीन आठवड्यांनी. दुसऱ्याच दिवशी ठेवली तर हात बसलेला नसतो, दोन महिने लांबवली तर कॅम्पमधलं निम्मं उडून जातं.

## टप्पा ४: कॅम्पचे दिवस

वर्गात प्रत्येक कमांड वहीत उतरवू नका. कमांड नोट्समध्ये मिळतातच. वहीत लिहायचं ते "का": हा पोर्ट का ब्लॉक झाला, हा रूट टेबलमध्ये का आला नाही, दोन राउटर शेजारी का झाले नाहीत. आणि न समजलेल्या गोष्टींची वेगळी यादी ठेवून ती त्याच दिवशी विचारून घ्या, कारण विषय एकमेकांवर उभे असतात. व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) आणि ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी) कच्चं राहिलं तर इंटर-व्हीलॅन रूटिंग कळणार नाही, ते नाही कळलं तर डीएचसीपी रिले (आयपी पत्त्याची मागणी दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे पोचवणं) डोक्यावरून जाणार.

संध्याकाळी घरी किंवा रूमवर आल्यावर स्लाइड्स उघडू नका. आधी ती मोकळी टोपोलॉजी उघडा आणि दिवसभरात झालेली लॅब नोट्स न बघता पुन्हा बांधा. अडलात तर पाच-दहा मिनिटं स्वतः झगडा, मगच नोट्स बघा. दीड-दोन तास पुरे, नंतर झोपा. रात्री दोन वाजेपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगणारे लोक ओएसपीएफच्या दिवशी सगळ्यात जास्त मार खातात.

वायरलेसच्या तासाला लोक मोबाइल काढून बसतात, तसं करू नका. कंट्रोलरच्या स्क्रीनवर डब्ल्यूलॅन (वायरलेस नेटवर्क) कुठे तयार होतं, सिक्युरिटी कुठल्या टॅबमध्ये असते, २.४ गिगाहर्ट्झला एकमेकांवर न येणारे चॅनल १, ६, ११ का, एवढं नीट बघितलं तर सोपे मार्क आहेत.

तपासणी: रोज रात्री स्वतःला विचारा, आजची लॅब उद्या सकाळी रिकाम्या फाइलवर पुन्हा येईल का? दोन दिवस लागोपाठ उत्तर "नाही" आलं तर शिकवणाऱ्याला जाऊन सांगा, लाजू नका.

## टप्पा ५: लॅब चालली की ती मोडायची

लॅब चालली, पिंग गेलं, की लोक फाइल बंद करतात. खरं शिकणं तिथून पुढे सुरू होतं. चालणारी लॅब मुद्दाम बिघडवा, काय दिसतं ते शो कमांडने बघा, मग दुरुस्त करा. परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे बिघडलेलंच समोर येतं. हे बिघाड तरी नक्की करून बघा.

ट्रंकवरचं व्हीलॅन. ट्रंकवर व्हीलॅन १० आणि २० ला परवानगी आहे, आता ३० वाढवायचाय. तुम्ही टाइप केलं "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०" आणि एंटर मारलं. १० आणि २० दोन्ही गेले, कारण ही कमांड जुनी यादी पुसून नवी लिहिते. मध्ये "ॲड" हा शब्द पाहिजे. मुद्दाम चूक करा, पिंग बंद पडताना बघा, मग "शो इंटरफेसेस ट्रंक" मधली परवानगीची ओळ वाचा. एकदा डोळ्याने बघितलं की ही चूक परत होत नाही.

परतीचा रूट. पहिल्या राउटरवर स्टॅटिक रूट टाकला, तरी पिंग जात नाही. लोक तोच रूट पुसून पुन्हा टाकत बसतात. पॅकेट समोर पोचलेलं असतं, उत्तराला परत यायचा रस्ता दुसऱ्या राउटरला माहीत नसतो. पिंग म्हणजे जाणं आणि येणं, दोन्ही बाजूंचे रूट बघायचे.

कुठला रूट जिंकतो. यात अगदी हुशार लोकही चुकतात. टेबलमध्ये १०.१.०.०/१६ स्टॅटिक (हाताने टाकलेला) आहे, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट कुठून कळला त्यावरचा भरवसा, लहान आकडा चांगला) १. आणि १०.१.१.०/२४ ओएसपीएफकडून आलाय, डिस्टन्स ११०. पॅकेट १०.१.१.५ ला जायचंय. बरेच जण १ हा ११० पेक्षा लहान म्हणून स्टॅटिक सांगतात. चूक. पॅकेट पुढे पाठवताना राउटर जास्त नेमका म्हणजे लांब प्रिफिक्स घेतो, म्हणून /२४ वाला, ओएसपीएफचा. डिस्टन्सची तुलना होते ती एकच प्रिफिक्स दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून कळला तर, आणि मेट्रिकची तुलना त्याच्याही नंतर, एकाच प्रोटोकॉलच्या आत.

ओएसपीएफचे शेजारी. दोन राउटर शेजारी होत नाहीत तेव्हा वाटेल तिथे हात घालू नका, क्रम ठरवा. इंटरफेस अप आहे का आणि समोर पिंग जातं का, दोन्ही टोकांना सबनेट मास्क तोच आहे का, नेटवर्क कमांडमधला वाइल्डकार्ड बरोबर आहे का (/२७ ला ०.०.०.३१, लोक सवयीने सबनेट मास्क टाकतात), एरिया नंबर तोच आहे का, हॅलो आणि डेड टायमर जुळतात का (इथरनेटवर मुळात १० आणि ४० सेकंद), इंटरफेस पॅसिव्ह तर केलेला नाही ना, राउटर आयडी दोन्हीकडे एकच तर नाही ना. शेजारी दिसतोय पण एक्सस्टार्ट या अवस्थेत अडकलाय तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) दोन्हीकडे तोच आहे का बघा.

एसीएल, म्हणजे कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं आणि कुठलं अडवायचं याची यादी. शेवटी न दिसणारं "सगळं नाकारा" असतंच. एकच डिनाय लिहून खाली परमिट न लिहिता लावलं की सगळंच बंद. शिवाय यादी वरून खाली वाचली जाते, पहिली जुळणारी ओळ लागू. आणि यादी लिहिली पण इंटरफेसवर लावलीच नाही, किंवा इन आणि आउट उलटं झालं, हे तर रोजचंच.

नॅट. इनसाइड आणि आउटसाइड इंटरफेस अदलाबदल होतात. पूलमध्ये एकच पब्लिक पत्ता असेल आणि "ओव्हरलोड" (एकच पत्ता अनेक मशीननी वापरायची सोय) लिहायचं राहिलं तर पहिलं मशीन बाहेर जातं आणि दुसरं अडकतं.

एसएसएच, म्हणजे उपकरणावर दुरून सुरक्षित लॉगिन. होस्टनेम बदललं नाही तर एन्क्रिप्शनची की तयारच होत नाही. क्रम लक्षात ठेवा: होस्टनेम, डोमेन नेम, की, युजरनेम, मग लाइनवर लॉगिन लोकल आणि ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच.

तपासणी: एखाद्या मित्राला तुमची चालणारी लॅब द्या, त्याला तीन ठिकाणी बिघडवायला सांगा, आणि "शो रनिंग कॉन्फिग" न वापरता फक्त बाकीच्या शो कमांडनी शोधून काढा.

## टप्पा ६: कॅम्प ते परीक्षा

पहिल्या दोन-तीन दिवसांत एक पूर्ण सराव परीक्षा वेळ लावून द्या. मार्क किती पडले त्याने खचू नका आणि हुरळूनही जाऊ नका, ही परीक्षा भोकं शोधण्यासाठी आहे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सिलॅबसच्या कुठल्या ओळीत बसतं ते प्रिंटवर खूण करा. बरोबर आलेल्या प्रश्नांतही बाकीचे पर्याय का चूक आहेत ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो तुक्का होता.

मग दिवस वाटून घ्या: सकाळी सबनेटिंग पंधरा मिनिटं, मग खुणा झालेल्या विषयाची लॅब, संध्याकाळी वाचन. आयपीव्ही६, स्पॅनिंग ट्री आणि ऑटोमेशन इथे हमखास राहतात. स्पॅनिंग ट्रीत (स्विचमधले लूप टाळणाऱ्या पद्धतीत) कमी ब्रिज आयडीवाला स्विच रूट होतो, मुळात प्रायॉरिटी ३२७६८ असते आणि ती ४०९६ च्या पटीतच बदलते. प्रायॉरिटी सारखी असेल तर मॅक पत्ता ठरवतो. दोन-तीन स्विचचं चित्र काढून रूट पोर्ट, डेझिग्नेटेड पोर्ट हाताने शोधा. ऑटोमेशनला जेसॉनचा (डेटा लिहायच्या एका पद्धतीचा) तुकडा वाचता आला पाहिजे, आरईएसटीच्या (प्रोग्रॅमनी एकमेकांकडे डेटा मागायच्या पद्धतीच्या) क्रिया कळल्या पाहिजेत, प्रोग्रॅमिंग करायला लागत नाही.

सावधान: "खरे प्रश्न" म्हणून विकले जाणारे डंप घेऊ नका. सिस्कोच्या कराराचा तो भंग आहे, सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. त्यातली बरीच उत्तरं चुकीचीही असतात, आणि पाठ करून पास झालेला माणूस मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

तीच सराव परीक्षा पुन्हा पुन्हा देऊन ९५ टक्के मिळवणं हाही फसवा आकडा असतो, तुम्हाला उत्तरं पाठ झालेली असतात. दुसऱ्या फेरीसाठी न बघितलेला प्रश्नसंच राखून ठेवा.

## टप्पा ७: परीक्षेचा दिवस

नाव नोंदवलंय तसंच ओळखपत्रावर आहे ना ते आठवडाभर आधी बघा. घरून देणार असाल तर सिस्टिम टेस्ट त्याच लॅपटॉपवर, त्याच नेटवर करा, ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीची सॉफ्टवेअर आडवी येतात. घरी कागद-पेन चालत नाही, स्क्रीनवरच्या बोर्डवर लिहावं लागतं, म्हणून सबनेटिंगची सवय तशी करा. सेंटरवर पुसता येणारा बोर्ड मिळतो. १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२ ही मास्कची ओळ लिहून ठेवायची असेल तर पेपर सुरू झाल्यावरच लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे जाता येत नाही. पुढे गेलात की तो प्रश्न संपला. त्यामुळे "नंतर बघू" हा प्रकारच नाही. एखाद्या प्रश्नात दोन मिनिटांच्या वर अडकलात तर सगळ्यात पटणारं उत्तर निवडा आणि पुढे चला. ही वाचवलेली मिनिटं लॅबच्या प्रश्नांना लागतात.

लॅबमध्ये आधी सगळ्या सूचना शेवटपर्यंत वाचा, मग हात लावा. सांगितलंय तेवढंच बदला, जाता जाता दुसरं काही सुधारू नका. केल्यावर शो कमांडने बघा, सेव्ह करायला सांगितलं असेल तर सेव्ह करा.

## टप्पा ८: निकालानंतर

पास झालात तर सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, तारीख लिहून ठेवा.

नापास झालात तर दुसऱ्या दिवसापासून मोजून ५ दिवस थांबावं लागतं. पण सहाव्या दिवशी लगेच बुकिंग करू नका. रिपोर्टमध्ये प्रत्येक भागाची टक्केवारी असते, ती आधी नीट वाचा, आणि नुसती सगळ्यात कमी टक्केवारी बघून तिकडे धावू नका, वजनाने गुणा. समजा ऑटोमेशनला ४० टक्के आणि आयपी कनेक्टिव्हिटीला ६० टक्के पडले. ऑटोमेशनमध्ये १० पैकी साधारण ६ गेले, कनेक्टिव्हिटीमध्ये २५ पैकी १०. म्हणजे आधी रूटिंगवर बसायचं: रूट निवड, स्टॅटिक, ओएसपीएफ, तेही टप्पा ५ मधल्या बिघाडांसकट, आणि ते झालं की ऑटोमेशनला दोन दिवस. राखून ठेवलेला प्रश्नसंच मग काढा आणि त्यात दोन्ही भाग सुधारलेले दिसले तरच पुढची तारीख घ्या.